दगडफूल

ओढ्याच्या पलीकडे, हलशीच्या अलीकडे,
बस थांबत नाही तिथं एक देऊळ आहे.
त्याच्या उत्तरेच्या भिंतीवर माझी रोजंदारी :
मऊ ब्रश, पिंपातलं गाळलेलं पाणी,
आणि बसनगौडर मॅडमची एकच ताकीद,
घासायचं नाही, आधी विचारायचं.

दगडाला काय विचारायचं?
पहिला आठवडा मी नुसती भिंत भिजवत राहिले.

उत्तरेला ऊन फिरकत नाही.
जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिच्या अंगात ओल,
बाळंतिणीच्या खोलीसारखी कोंदलेली.
नोव्हेंबरात ती वाळते, उलते,
तेव्हा एकेक दिसायला लागतं :
कोपऱ्यात पोपटी साय,
हत्तींच्या रांगेवर काळे ओघळ, चुलीमागं असतात तसे,
आणि सगळीकडे राखी चकत्या,
कडांना किंचित मुडपलेल्या.

मॅडमनी भिंगाखाली धरून दाखवलं.
हे फूल नव्हेच, दोघांचा संसार आहे.
एक उन्हावर रांधतो, दुसरा छप्पर धरतो,
आणि केसाहून बारीक धागे
दगडाच्या कणाकणात शिरून
आंबट काहीतरी सोडत बसतात.
"आंबट? आमसुलासारखं?"
"चुक्याच्या भाजीत असतं, तसलंच."
त्या दिवशी डब्यात चुकाच होता.
दात आंबले. भिंतीकडं बघवेना.

दाराशेजारी, लेखाच्या कडेला,
एक चकती माझ्या ओळखीची आहे.
सातवीत असताना तिच्यावर चार आणे ठेवले होते,
कडेला कड बरोबर जुळली होती.
आज तिच्यावर पुरी बसेल.
तेवढ्यात माझं लग्न झालं, चार आणे बंद झाले,
आणि तिच्या पोटात एक अक्षर गेलं.
कुठलं, ते मला सांगता येत नाही,
हळेकन्नड मला वाचता येत नाही.
मॅडमनाही येत नाही.
आम्ही दोघी त्याच्यासमोर सारख्याच अडाणी.

पण वरच्या चार ओळी तिनं खाल्लेल्या नाहीत.

त्या माझ्या बापानं घासल्या.
जत्रेच्या आदल्या दिवशी, तारेचा ब्रश, धुण्याचा सोडा,
एका सकाळीत.
देऊळ कल्हई केल्यासारखं निघालं.
गावानं भरमाजीला नारळ दिला, टॉवेल दिला.
कळशी माझ्या हातात होती, पाणी मीच ओतत होते.
करडा गाळ माझ्या पायांवरून ओढ्यात गेला
आणि त्यात अक्षरं आहेत
असं कुणाला म्हणजे कुणालाच वाटलं नाही.
पुढच्या वर्षी त्या खरबरीत दगडावर
चकत्या परत आल्या, आधीपेक्षा दाट.

आत बाबली गुरव रोज तेल घालतो, दूध घालतो.
मॅडम सांगून थकल्या, यावरच तर ही पोसतात.
बाबली वात सरळ करत म्हणतो,
"पोसूदेत की.
देवळात आलेलं उपाशी कसं जाईल?"
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

आठवड्याच्या बाजारात मसाल्याचं सामान घेते.
गंगव्वा पुडी बांधताना म्हणते, कल्लुहूवु.
मी म्हणते, दगडफूल.
तिचाही कल्लु म्हणजे दगड, हूवु म्हणजे फूल.
आम्ही पाच रुपयांवरून भांडतो,
नावावरून कधी भांडलो नाही.

रात्री तेलात सोडलं की ते फुलतं
आणि घरभर वास सुटतो
वाळत्या उत्तरेच्या भिंतीचा.
बाप पाटावर बसलेला असतो,
हाताला अजून कंप आहे, ब्रश धरायचा तोच हात.
पहिला घास घेतो, डोळे मिटतो.
"यंदाचा मसाला जमलाय गे."

मी वाढत राहते.
चार ओळींचं त्याला अजून सांगितलेलं नाही.